तीन कण देणारी टक्कर कॉम्प्युटरवर उभी करताना

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरीतून कधी क्वार्क, प्रतिक्वार्क आणि ग्लुऑन (क्वार्कना बांधून ठेवणारा कण) असे तीन कण निघतात. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या पेट्रा या टक्कर-यंत्रावर असे तीन जेट, म्हणजे कणांचे तीन फवारे, दिसले आणि ग्लुऑनचा पुरावा मिळाला. मॉडेलिंगची सुरुवात मी नेहमी इथूनच करायला सांगते, कारण प्रत्येक पायरी कागदावर ताडून बघता येते.

आधी मोजा. तीन कणांचे ऊर्जा-संवेगाचे आकडे बारा. वस्तुमानं ठरलेली म्हणून तीन गेले, अक्षय्यतेच्या नियमांचे चार गेले, उरले पाच. त्यातले तीन म्हणजे सगळी रचना कशी फिरवलीय ते सांगणारे कोन. म्हणजे आकार दोनच आकड्यांत बसतो.

प्रत्येक कणाची ऊर्जा एकूण ऊर्जेच्या निम्म्याने भागा: क्वार्कचा क्ष१, प्रतिक्वार्कचा क्ष२, ग्लुऑनचा क्ष३. बेरीज २. वस्तुमान शून्य धरलं, तर पहिल्या दोघांमधला कोन असा:

१ − कोसाइन = २(१ − क्ष३) ÷ (क्ष१ × क्ष२)

तिन्ही क्ष २/३ ठेवा. कोसाइन −०.५, कोन १२० अंश. एकूण ऊर्जा ९१.२ जीईव्ही (गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट) असेल तर प्रत्येकाला ३०.४. तुमचा कोड हेच देतो ना, ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता वेट, म्हणजे कुठली रचना किती प्रमाणात घडते ते सांगणारा आकडा:

(क्ष१² + क्ष२²) ÷ ((१ − क्ष१)(१ − क्ष२))

क्ष१ किंवा क्ष२ एकच्या जवळ गेला की हे भडकतं, म्हणून प्रत्येक (१ − क्ष) किमान ०.०५ असा कट, म्हणजे मर्यादा, लावा. तरीही मधल्या बिंदूवर (तिन्ही क्ष २/३) वेट ८ आणि कोपऱ्यात (क्ष१ आणि क्ष२ दोन्ही ०.९५) ७२२! साधे रँडम नंबर काढले, तर बहुतेक इव्हेंट (कॉम्प्युटरने काढलेल्या टकरी) वाया जातात. त्याऐवजी (१ − क्ष१) आणि (१ − क्ष२) यांचे लॉगरिदम ०.०५ ते ०.९ या हद्दीत समान वाटून काढा, दोघांची बेरीज ०.९५ च्या वर गेली तर तो इव्हेंट टाकून द्या. छेद आपोआप कटतो, उरतं फक्त क्ष१² + क्ष२², जे ०.५५ ते १.८ मध्येच राहतं. हा बदल मला आजही फार सुंदर वाटतो.

शेवटी सगळी रचना रँडम दिशेला फिरवा, सगळ्या दिशांना समान संधी देऊन. इथे मी चुकले होते: थीटाच्या (ठरलेल्या अक्षापासूनच्या कोनाच्या) कोसाइनऐवजी थीटाच समान वाटून घेतला. ऊर्जा-संवेगाच्या बेरजा चोख, म्हणून दोन दिवस काही कळलंच नाही. पहिल्या कणाच्या या कोसाइनचा हिस्टोग्राम काढला, तेव्हा दोन्ही टोकांना शिंगं उभी होती. तो सपाट येईपर्यंत खऱ्या टकरीतलं दिशेवरचं अवलंबन जोडू नका.