तुलाँचा वेढा नकाशावर कसा वाचायचा

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे कुठलीही लढाई समजून घ्यायची म्हटलं की आधी नकाशा, सेनापतींची चरित्रं नंतर. 1793 चा तुलाँचा वेढा तर नकाशाशिवाय कळतच नाही.

थोडक्यात प्रसंग असा: ऑगस्टअखेरीस राजेशाहीवाल्यांनी फ्रान्सचं हे भूमध्य समुद्रावरचं आरमारी बंदर इंग्रज अ‍ॅडमिरल हूडच्या हवाली केलं. इंग्रज-स्पॅनिश जहाजं आत, फ्रेंच क्रांतीची फौज बाहेर.

चढउतार दिसतील असा तुलाँचा नकाशा छापून घ्या. शहराकडे बघूच नका, सगळे तिथेच फसतात. पाणी बघा. आतला लहान नांगरतळ आणि बाहेरचा मोठा, यांच्यामधली चिंचोळी वाट शोधा. जवळची लांब सरळ भिंत खोडून टाका, ती नंतरच्या काळातली. वाटेच्या पश्चिमेला, ला सेन गावाच्या बाजूने, एक डोंगरसोंड पाण्यात घुसलीय. तिच्या टोकाला एगियेत आणि बालागिए हे दोन किल्ले. तिथे तोफा चढल्या की आतल्या जहाजांनी तापवलेले गोळे खायचे, नाहीतर निघून जायचं. आणि जहाजं गेल्यावर शहर सांभाळणार कोण?

क्रांतीच्या फौजेतल्या 24 वर्षांच्या नेपोलियन बोनापार्टला हे सप्टेंबरातच दिसलं होतं. त्याचा सेनापती कार्तो मूळचा चित्रकार. कार्तोने त्या सोंडेवर माणसं पाठवली, पण अगदी मोजकी. हल्ला फसला तो फसलाच, वर इंग्रज सावध झाले आणि त्यांनी तिथल्या टेकडीवर मलग्रेव्ह किल्ला बांधला. फ्रेंच त्याला ‘छोटं जिब्राल्टर’ म्हणायचे. ही टेकडी लाल पेन्सिलीने गडद करा. पुढचे जवळजवळ तीन महिने हिच्यापायी गेले.

आता टेकडीसमोर फ्रेंचांचे दमदमे, म्हणजे तोफांचे मोर्चे, मांडा. एक तर किल्ल्याच्या इतका तोंडाशी होता की तिथे उभं राहायला गोलंदाज तयार होईनात. बोनापार्टने पाटी लावली: ‘निर्भय माणसांचा दमदमा’. मग माणसं मिळाली.

तारखा समासात लिहा. 16-17 डिसेंबरची रात्र, धो धो पाऊस, किल्ला पडला. बोनापार्टच्या मांडीत संगीन घुसली. त्याच रात्री उत्तरेला 584 मीटर उंच फारों डोंगरावरही फौज चढली, तिथेही बाण काढा. 18 ला हूडचं आरमार निघालं, जाताना बंदरातल्या फ्रेंच जहाजांना आगी लावल्या. 19 ला फौज शहरात.

आणि बाणांवर एकट्या बोनापार्टचं नाव घालू नका. शेवटच्या हल्ल्याच्या वेळी मुख्य सेनापती द्यूगोमिए होता.