लहान खाजगी विद्यापीठात अ‍ॅथलेटिक्सचा संघ कसा उभारावा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या राज्य विद्यापीठाच्या निवड चाचणीला पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांचे धावपटू येतात. खाजगी विद्यापीठाला, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2003 च्या नियमांनुसार, महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत; त्यामुळे एकाच आवारातील मोजक्या विद्यार्थ्यांतून संघ उभा करावा लागतो. तेथे निवडीपेक्षा मुलामुलींना वर्षभर मैदानावर टिकवून ठेवणे अधिक कठीण असते. हे काम शारीरिक शिक्षण संचालकांना एकट्याने पेलत नाही, म्हणून विद्यार्थ्यांकडे खरी जबाबदारी सोपवावी.

सुरुवात मैदानापासून करावी आणि सिंथेटिक ट्रॅकची वाट पाहू नये. सुमारे 95 मीटर लांब व 55 मीटर रुंद सपाट जागेत चार लेनचा 200 मीटरचा ट्रॅक बसतो. दोन्ही सरळ बाजू 40 मीटरच्या ठेवून वळणांची आतली रेषा 18.90 मीटर त्रिज्येने आखावी. धावण्याचे अंतर त्या रेषेपासून 20 सेंटिमीटर बाहेर मोजतात. त्यामुळे हिशेबाची त्रिज्या 19.10 मीटर होते आणि दोन्ही वळणे मिळून 120 मीटर भरतात. प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद असावी. फक्की मारण्याचे काम शिपायांकडे न देता खेळाडूंनाच द्यावे, कारण ज्यांनी ट्रॅक आखला तेच तो पुसट झाल्यावर पुन्हा आखायला पुढे येतात.

लांब पल्ल्याच्या शर्यतींना साहित्य कमी लागते, म्हणून लहान विद्यापीठाने त्यांवर आधी भर द्यावा. रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठणाऱ्या ललिता बाबर सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातल्या, तर 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक मिळवणारे अविनाश साबळे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले. अशा दुष्काळी भागांतून आलेली मुले आपल्या वसतिगृहातही असतात. प्रवेश होताच त्यांची आपुलकीने चौकशी करावी.

कर्णधार निवडताना घड्याळाकडे पाहू नये. सर्वांत वेगवान धावपटू स्वतःच्या सरावात गुंतलेला असतो, आणि ते योग्यच आहे. जी मुलगी किंवा मुलगा गैरहजर सहकाऱ्याला संध्याकाळी खोलीवर जाऊन भेटतो, दुखापत लपवणाऱ्याला वेळीच थांबवतो आणि प्रशिक्षकांनाही अडचणीची गोष्ट स्पष्ट सांगतो, त्याच्याकडे हे पद द्यावे. मुलामुलींचे कर्णधार वेगळे नेमून हजेरी, वॉर्मअप आणि आठवड्याच्या वेळांची नोंद पूर्णपणे त्यांच्या हाती द्यावी, मात्र दुखापतीवरील उपचारांचा निर्णय त्यांच्यावर टाकू नये.

नेतृत्वाची खरी कसोटी 4×100 मीटर रिलेमध्ये लागते. धावपटूंचा क्रम कर्णधाराने सुचवावा आणि त्याची कारणे प्रशिक्षकांना सांगावीत: वळणावर कोण चांगले धावते, बॅटन घेणे आणि देणे ही दोन्ही कामे कोणाला नेमकी जमतात, बॅटन ज्या 30 मीटरच्या पट्ट्यातच सोपवावी लागते त्या बदल क्षेत्रात कोण गोंधळते. हा विचार करताना कर्णधाराला कधी स्वतःचे नावही वगळावे लागते, आणि तसे त्याने केल्यास प्रशिक्षकांनी त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहावे.

भारतीय विद्यापीठ संघाच्या (देशातील विद्यापीठांच्या संघटनेच्या) आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय, बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि चालू प्रवेश यांची कागदपत्रे सत्राच्या आरंभीच तपासून ठेवावीत. स्पर्धेच्या तारखा कळताच परीक्षा विभागाला लेखी कळवावे आणि त्या पत्राची प्रत प्रत्येक खेळाडूच्या विभागप्रमुखांकडे कर्णधारामार्फत पोहोचवावी.