टोपीवाला भूतकाळ: फ्रेंचमधला ‘सुब्जोंक्तीफ अँपार्फे’ बनवावा कसा, ओळखावा कसा

‘सुब्जोंक्तीफ अँपार्फे’ म्हणजे ‘यावं’, ‘असावं’ अशा अर्थाच्या क्रियापदाचं भूतकाळी रूप. फ्रेंच शिकणाऱ्याची या रूपाशी पहिली गाठ वर्गात पडत नाही, पुस्तकात पडते. बोलता येऊ लागतं, ईमेल लिहिता येते, मग हौसेने एकोणिसाव्या शतकातली एखादी कादंबरी उघडावी, तर दुसऱ्याच पानावर ‘फ्यू’, ‘यू’, ‘व्हँ’ अशी एकाक्षरी मंडळी भेटतात आणि प्रत्येकाच्या स्वरावर छपरासारखी टोपी. शब्दकोशात पाहावं तर मिळत नाहीत, कारण तिथे मूळ क्रियापद असतं, त्याचं हे वेषांतर नसतं.

आधीच सांगून टाकतो: हा काळ बोलण्यासाठी शिकायचा नाही. आजचा फ्रेंच माणूस तो बोलत नाही. लिखाणात दिसतो तोही बहुतेक तृतीयपुरुषी एकवचनात. त्यामुळे सहा रूपांपैकी ते एक बोटांवर असावं, उरलेली पाच दिसल्यावर ओळखता आली की झालं. मी उलटं केलं होतं. सहाही रूपं घोकली आणि एका फ्रेंच परिचितांना पत्रात झोकात ‘आम्ही बोलावं’साठी ‘पार्लासियों’ लिहून पाठवलं. उत्तर आलं ते हसू आवरून लिहिलेलं होतं, हे दोन ओळींत कळलं.

(खाली उच्चार देवनागरीत देतोय. स्पेलिंग महत्त्वाचं असेल तिथे अक्षरांची नावं घेईन. ‘फ्यू’मधला ‘यू’ म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘ई’.)

पहिली पायरी: ‘पासे सँप्ल’चं ‘त्यू’ रूप काढा

सगळी किल्ली इथे आहे. ‘पासे सँप्ल’ म्हणजे गोष्टी-इतिहासात येणारा साधा भूतकाळ. त्याचं ‘तू’चं रूप घ्या. ते नेहमी एस अक्षराने संपतं. ‘पार्ले’ (बोलणे) घेतलं तर पी-ए-आर-एल-ए-एस, उच्चार ‘पार्ला’. ‘फिनीर’ (संपवणे) घेतलं तर ‘फिनी’. ‘एत्र’ (असणे) याचं ‘फ्यू’, ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) याचं नुसतं ‘यू’, ‘व्हनीर’ (येणे) याचं ‘व्हँ’.

हे पाच नमुने आले की जवळपास सगळी भाषा हाताशी आली, कारण स्वर चारच आहेत: ‘पार्ले’च्या घराण्यात आ, ‘फिनीर’बरोबर करणे, पाहणे, घेणे, ठेवणे यांत ई, असणे, शकणे, जाणणे यांत यू, आणि ‘व्हनीर’ व ‘तनीर’ (धरणे) यांच्या कुळात तो नाकातला अँ. ‘पासे सँप्ल’ येत नसेल तर इथेच थांबा आणि आधी तो शिका.

दुसरी पायरी: शेपटी जोडा

त्या एसनंतर पाच ठिकाणी ही शेपटी येते:

मी: एस-ई (पार्लास)
तू: एस-ई-एस (पार्लास)
आम्ही: एस-आय-ओ-एन-एस (पार्लासियों)
तुम्ही: एस-आय-ई-झेड (पार्लासिए)
ते: एस-ई-एन-टी (पार्लास)

मूळचा एस आणि शेपटीचा एस मिळून दोन एस होतात. पानावर क्रियापदाच्या शेवटाकडे दोन एस दिसले की कान टवकारायचे.

‘तो’ला वेगळा कायदा आहे. त्याचा एस गळतो, स्वरावर टोपी चढते आणि शेवटी टी येतो, जो उच्चारायचा नाही. पार्ला, फिनी, फ्यू, यू, व्हँ. म्हणजे कानाला ‘तू’च्या पासे सँप्लसारखंच ऐकू येतं, फरक फक्त डोळ्यांना दिसतो. ‘व्हँ’मध्ये टोपी आय अक्षरावर बसते, त्याच्यामागच्या एनवर नाही, वहीत ही चूक फार होते.

ही टोपी शोभेची नाही. ‘फ्यू’ जुन्या फ्रेंचमध्ये टीच्या आधी एस घेऊन लिहीत. तो एस उच्चारातून गेला, मग लिपीतूनही गेला, आणि जाताना आठवण म्हणून टोपी ठेवून गेला. आपल्याकडे जुन्या पुस्तकांत ‘घरांत’, ‘केलें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार दिसतात, तसंच काहीसं. आपण १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढून टाकले. फ्रेंचांनीही १९९०च्या सुधारणांत आय आणि यू या अक्षरांवरच्या बऱ्याच टोप्या उतरवल्या, पण या रूपाच्या टोपीला हात लावला नाही. का, ते पुढे कळेल.

तिसरी पायरी: कुठे बसवायचा ते पाहा

‘सुब्जोंक्तीफ’ म्हणजे ढोबळपणे आपला ‘यावं’, ‘व्हावं’, ‘असावं’चा प्रांत: इच्छा, भीती, गरज, शंका, आणि ‘जरी’, ‘आधी’, ‘(अमुक व्हावं) म्हणून’ अशा काही जोडशब्दांनंतरची जागा. जुना नियम असा की मुख्य वाक्य भूतकाळात असेल तर पोटवाक्यातला सुब्जोंक्तीफही मागे सरकायला हवा. ‘ज व्हुले किल व्हँ’, म्हणजे त्याने यावं अशी माझी इच्छा होती. ‘बिएँ किल फ्यू मालाद’, आजारी असूनही.

मराठी माणसाला हे अंगवळणी पडत नाही, याचं कारण आपल्या भाषेत आहे. ‘तू यावंस असं मला वाटतं’ आणि ‘तू यावंस असं मला वाटत होतं’, दोन्हींत ‘यावंस’ जसंच्या तसं. मागे सरकतं ते फक्त ‘वाटणं’. गंमत म्हणजे आजचं फ्रेंचही इथेच येऊन पोचलंय: मुख्य क्रियापद भूतकाळात असलं तरी लोक सरळ वर्तमानातलं ‘व्हिएन’ म्हणतात, ‘ज व्हुले किल व्हिएन’. शिक्षणखात्याने १९०१ साली काही वाक्यांपुरती ही सवलत दिली आणि १९७६च्या आदेशाने भूतकाळी मुख्य वाक्यानंतरही ती मान्य केली. तेव्हा लिहिताना ‘व्हिएन’ टाकलंत तर कोणी नापास करणार नाही.

पोटवाक्यातली घटना आधीच घडून गेलेली असेल तर ‘यू’ किंवा ‘फ्यू’ला भूतकालवाचक धातुसाधित जोडतात. ‘बिएँ किल यू फिनी’: त्याने संपवलेलं असूनही.

उलट गोव्यातल्या जुन्या पिढीतल्या ज्यांना पोर्तुगीज येते, त्यांना यातलं काहीच जड जाणार नाही. हे रूप ज्या लॅटिन मुळातून आलं त्याच मुळाचा भाऊ पोर्तुगीजमध्ये आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. त्याच दोन एसांसकट.

चौथी पायरी: टोपी आहे की नाही, हे ठरवा

खरी अडचण बनवण्यात नाही, इथे आहे. ‘फ्यू’ टोपीशिवाय म्हणजे साधा भूतकाळ, ‘होता’. टोपीसकट म्हणजे ‘असावा’. उच्चार एकच. १९९०च्या मंडळींनी ही टोपी का राखली, ते आता लक्षात आलं असेल.

उपाय सोपा आहे: वाक्य मनात वर्तमानात आणा. ‘बिएँ किल फ्यू मालाद’चं ‘बिएँ किल स्वा मालाद’ होतं. ‘स्वा’ हा सुब्जोंक्तीफ, म्हणून टोपी हवी. आता ‘आप्रे किल फ्यू पार्ती’, तो गेल्यानंतर. वर्तमानात ‘आप्रे किल ए पार्ती’. ‘ए’ हा साधा वर्तमान, म्हणून टोपी नको. ‘आव्हाँ’ (आधी) आणि ‘आप्रे’ (नंतर) हे जोडीने शिकवले जातात, म्हणून दोघांनाही टोपी घालायचा मोह होतो. जे व्हायचंय ते अनिश्चित, म्हणून सुब्जोंक्तीफ. जे होऊन गेलंय ते पक्कं, म्हणून साधा काळ. फ्रेंचांच्याही हातून इथे टोपी चुकते. माझा मात्र एका परीक्षेत त्या एका टोपीपायी गुण गेला, ते अजून सलतं.

दुसरा सापळा ‘फिनीर’च्या घराण्यात. त्याचा वर्तमान सुब्जोंक्तीफ आणि हा काळ पाच रूपांत अक्षरशः एकच आहेत. वेगळं पडतं ते पुन्हा ‘तो’चंच रूप: वर्तमानात ‘फिनीस’, इथे ‘फिनी’.

तिसरा सापळा म्हणजे ‘जर-तर’. जुन्या लिखाणात ‘यू’ एकटाच ‘असतं’चं काम करतो, मागे कोणताही सुब्जोंक्तीफ मागणारा शब्द नसताना. ‘ओं यू दी’ म्हणजे ‘वाटलं असतं की’, आपलं ‘जणू’. ‘यू’च्या जागी ‘ओरे’ (‘आव्ह्वार’चं नेहमीचं ‘असतं’वालं रूप) बसून अर्थ लागला, तर हा तोच प्रकार समजायचा.

बाकीची पाच रूपं का मेली

कानामुळे, दुसरं काय. ‘शकणे’चं ‘मी’चं रूप ‘प्यूस’ होतं, आणि ‘प्यूस’ म्हणजे पिसू. ‘जाणणे’चं ‘स्यूस’ होतं, ते ‘चोखतो’सारखं ऐकू येतं. ‘खून करणे’चं ‘आम्ही’ रूप ‘आसासिनासियों’. हे गंभीर चेहऱ्याने म्हणून दाखवा. ‘तो’चं रूप आखूड आणि निरुपद्रवी, म्हणून तेवढं तगलं.

पाचवी पायरी: ठरीव वाक्प्रचार तसेच पाठ करा

यांचं व्याकरण उलगडत बसू नका. ‘न फ्यूस क’ म्हणजे ‘निदान, नुसतं... तरी’. ‘फ्यूस’ एकटा आला तर ‘अगदी... असलं तरी’. ‘द्युसेज’ म्हणजे ‘मला... करावं लागलं तरी बेहत्तर’. ‘प्ल्यू आ दिय’ म्हणजे ‘देव करो आणि’. आणि सगळ्यांत जिवंत असलेला ‘कि ल्यू क्र्यू?’, कोणाला खरं वाटलं असतं? हा आजही लोक मिश्कीलपणे बोलतात.

याचंच ‘तू’चं रूप ‘ल्यूस त्यू क्र्यू’, तुला खरं वाटलं असतं का? भरभर म्हटलं की ‘लुस्त्युक्र्यू’ होतं. एका जुन्या फ्रेंच बालगीतातल्या इरसाल म्हाताऱ्याचं हेच नाव आहे, आणि फ्रान्सच्या किराणा दुकानात पास्त्याच्या पाकिटावरही हेच छापलेलं दिसतं.