विटांच्या फिल्ममधली लुकलुक अशी थांबवली

नेरुळच्या घरी मुलांबरोबर लेगोच्या विटांची स्टॉप-मोशन फिल्म (वस्तू जराजरा हलवत एकेक फोटो काढून जोडलेली) करतोय. लोकल फलाटावर येते, माणसं चढतात, एवढीच गोष्ट. सेकंदाला 12 फोटो, म्हणजे 10 सेकंदांना 120. पण चालवून पाहिलं की चित्र सारखं उजळ-मंद व्हायचं.

कारण असं की खिडकीतलं ऊन ढगांमुळे बदलत होतं आणि मोबाइल दर फोटोला उजेड आपणहून जुळवत होता. जाड पडदा ओढला, टेबलाशी एकच दिवा ठेवला, कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक केले, म्हणजे ते आपोआप बदलत नाहीत. तरी थोडी थरथर उरलीच. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/50 सेकंदावर आणलं, म्हणजे दर फोटोत दिव्याचे पूर्ण दोन चढउतार येतात, आणि तीही गेली.

खालची प्लेट टेबलाला चिकटपट्टीने पक्की केली. धाकटीचं काम सगळ्यात नाजूक: माणसाचा पाय जरासा पुढे करायचा, हात पूर्ण बाहेर काढायचा, मग ओरडायचं, “दादा, काढ!” आणि हो, फोटो काढणाऱ्याने गडद कपडेच घालावेत, पांढऱ्या शर्टावरून उजेड थेट विटांवर पडतो. फोनला हात न लावता इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने क्लिक केलं तर फ्रेमही हलत नाही.