परात, तांदूळ आणि फ्रिजवरची चिठ्ठी

गेल्या जुलैत आठवडाभर पाऊस हटेना आणि सव्वादोन वर्षांचा लेक घरात कोंडून वैतागला, तेव्हा मी मोठ्या हौसेने 'सेन्सरी प्ले', म्हणजे हाताने चाचपत, ओतत खेळायचा खेळ, मांडला. त्याचं बोलणं वाढावं हा हेतू. परात, हळदीने रंगवलेले तांदूळ, वाट्या, पळ्या, सगळं देखणं. तो अर्धा तास गुंगून ओतत बसला आणि मी व्हिडिओ काढत बसले. रात्री तो व्हिडिओ लावला, तर मागे मालिका, मिक्सर आणि माझी आलटूनपालटून दोनच वाक्यं: 'इकडे बघ' आणि 'सांडू नको'. अर्ध्या तासात कामाचा एक शब्द पोराच्या कानावर पडला नव्हता. म्हणून ही तयारीची यादी.

पहिली तयारी चिठ्ठीची. तांदळाच्या डब्याला हात लावायच्याही आधी. आजच्या खेळात कोणते शब्द वापरायचे, ते सहा-सात शब्द मोठ्या अक्षरांत लिहा आणि तुम्ही बसणार तिथून दिसतील असे चिकटवा. आमची चिठ्ठी फ्रिजवर असते. 'मराठी येतं की मला, लिहायचं काय त्यात?' असं मीही म्हणाले होते. मूल समोर बसलं की काही सुचत नाही, तोंडातून नुसत्या सूचना निघतात.

चिठ्ठीवर नुसती नामं नकोत. वाटी, परात हे तो शिकेलच. क्रियापदं लिहा: ओत, भर, दाब, हलव, उघड. हाताला काय लागतंय ते लिहा: गार, ओलं, कोरडं, चिकट, खरखरीत, बुळबुळीत. आणि आवाज तर हवेतच. टपटप, डुबुक, खुळखुळ, भुरभुर. असे शब्द मुलं पटकन उचलतात, कारण बहुतेकांत एकच तुकडा दोनदा म्हटला की काम झालं. मराठीत ते पोत्याने आहेत आणि आपण 'वॉव' म्हणत बसतो. आणखी एक गंमत: तांदूळ सांडले, डाळ सांडली, पाणी सांडलं. एकाच परातीत तीन रूपं कानावर पडतात. म्हणजे ज्या सांडण्यावर मी ओरडत होते, तोच खरा धडा होता.

सामानाचं फार सांगत नाही. परात, दोन वाट्या, डाव, चहाची गाळणी, झाकणाचा डबा, खाली जुनी चादर, अंगावर जुने कपडे. महागडे संच विकत आणू नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाड्या चालवल्या. आपलं स्वयंपाकघर त्या मानाने श्रीमंतच.

परातीत काय घालायचं, इथे मात्र डोकं ठिकाणावर ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला राजमा, चणे, शेंगदाणे, मणी, नाणी द्यायची नाहीत. घशात अडकतात. कच्चा राजमा तर पोटात गेला तरी विषारी. नाका-कानात वस्तू घालायची खोड असेल, तर तांदूळही नको. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलीचे मणी घरातच आणू नका. गिळले तर आतड्यात फुगून बसतात. होळीचे रंग नकोत, हळद किंवा बिटाचा रस पुरे. सगळंच तोंडात घालणारं मूल असेल तर मऊ भात, दही, कुस्करलेलं केळं द्या. आणि पाणी असेल तर परातीत चार बोटंच का असेना, मुलाला सोडून उठायचं नाही. बेल वाजली तर त्याला काखेत घेऊन दार उघडा.

चिकट लागलं की काही मुलं हात आखडून घेतात. बोट धरून कणकेत खुपसू नका. चमचा द्या, किंवा दही प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वरून दाबू द्या. 'चिकट' हा शब्द तेवढ्यावरही शिकता येतो.

टीव्ही बंद. मिक्सर नंतर. पीठ असेल तर पंखाही बंद, हे मला कपाटावरची कणीक पुसताना कळलं. मोबाइल दुसऱ्या खोलीत, व्हिडिओ नाही म्हणजे नाही. घरात आजी-आजोबा असतील तर चिठ्ठी त्यांनाही वाचून दाखवा. नाहीतर तुम्ही 'ओत, ओत' म्हणत असता आणि मागून 'अगं बाई, केवढा पसारा!' सुरू होतं.

चिठ्ठी लावली ना? मग बसा. शेजारी नाही, समोर. तुमचं तोंड त्याला दिसलं पाहिजे. तो जे करतोय तेच छोट्या वाक्यात बोला: 'ओतलं. अजून ओतलं. भुरभुर!' मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे भयंकर लांब वाटतात, पण त्याचा शब्द त्या शांततेतच बाहेर येतो. तो 'पा' म्हणाला तर 'पाणी. गार पाणी.' एवढंच, त्याच्यापेक्षा एखादाच शब्द जास्त. 'म्हण बघू पाणी' असा आग्रह नको आणि 'हे काय? ते काय?' अशी तोंडी परीक्षाही नको. मागायला कारण हवं असेल तर पळी दिसेल पण हात पोचणार नाही अशी ठेवा, किंवा डब्याचं झाकण घट्ट लावा. 'उघड' हा शब्द आमच्याकडे असाच आला. चिठ्ठीवर होता म्हणून आला, एरवी मी स्वतःच झाकण उघडून दिलं असतं.

पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. उठून गेला तर जाऊ द्या. चार दिवस तीच चिठ्ठी, रोज नवी नको.

हा खेळ म्हणजे उपचार नव्हे. दोन वर्षांनंतरही 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येणारे शब्द बंद झाले असतील, तर 'याचे बाबाही उशिराच बोलले' हे ऐकत बसू नका. आधी कान तपासून घ्या. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अशी तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा.

आवरायचं काय, चादरीची चार टोकं उचला आणि झटका. कोरडे तांदूळ डब्यात, डब्यावर 'खेळ' लिहा, नाहीतर कुकरला लागतील. ओलं झालेलं टाकून द्या. चिठ्ठी काढू नका, उद्या तीच लागणार आहे.