भिंतीत पीसीएम बसवताना या चुका टाळा

फेज चेंज मटेरियल, म्हणजे आमच्या बोलण्यातले पीसीएम, भिंतीत बसवले की खोली आपोआप गार होते, असा समज घेऊन येणाऱ्या घरमालकांना मी हल्ली एकच प्रश्न विचारतो: तुमच्या खोलीत एप्रिलमध्ये पहाटे पाच वाजता तापमान किती असते? दुपारचे चाळीस अंश सर्वांना तोंडपाठ असतात. पहाटेचा आकडा कोणी मोजलेला नसतो, आणि सगळे गणित त्यावरच उभे असते. हा पदार्थ वितळताना खोलीतील उष्णता शोषतो आणि गोठताना ती परत सोडतो. जो रात्री गोठलाच नाही, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी काही मिळत नाही.

कोथरूडमधील एका इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला आतून 23 अंशांना वितळणारे पॅनेल बसवलेले मी पाहिले. युरोपीय कॅटलॉगांत हा आकडा सर्रास आढळतो आणि तिकडच्या खोल्यांना तो शोभतोही. पुण्यात मात्र बाहेरची हवा पहाटे 22-23 अंशांपर्यंत उतरली, तरी दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता ओतत राहतो; त्या खोलीत पहाटे साडेपाचला माझ्या तापमापकाने 29 अंश दाखवले. एक पॅनेल काढून हलवले, तर आतून डुचमळल्याचा आवाज आला. उन्हाळा लागताच वितळलेला तो पदार्थ पाऊस येईपर्यंत द्रवच राहणार होता. ‘पण माल तर चांगला आहे ना?’ असे मालकांनी विचारले. माल उत्तमच होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, एप्रिलमध्ये निदान पंधरा दिवस खोलीच्या मध्यभागी आणि भिंतीला टेकवून असे दोन तापमापक ठेवायचे, पहाटेचे व सायंकाळचे आकडे वहीत लिहायचे आणि पहाटेच्या आकड्यापेक्षा दोन-तीन अंश वर, पण सायंकाळच्या आकड्याच्या बऱ्याच खाली वितळणारा माल निवडायचा. क्षारांच्या हायड्रेटमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांपासून बनवलेल्या पीसीएममध्ये, गोठण्याचे तापमान वितळण्याच्या तापमानाहून काही अंश खाली सरकू शकते, म्हणून पुरवठादाराकडून दोन्ही आकडे लेखी घ्यावेत. पंधरा दिवस थांबण्याची ज्यांची तयारी नसते, त्यांना मी सरळ पंखा घ्यायला सांगतो.

दुसरी चूक रात्री खिडक्या बंद ठेवण्याची. डासांची आणि चोरांची भीती खरी आहे, पण मग जाळी, ग्रिल आणि एक्झॉस्ट पंख्याचा खर्च पॅनेलच्या आधी धरावा. रात्री अकरापासून सहापर्यंत बाहेरची हवा भिंतीवरून फिरली पाहिजे आणि सकाळी आठच्या आत खिडक्या-पडदे बंद झाले पाहिजेत.

अपेक्षांचा हिशेबही करावा. किलोमागे 180 किलोज्यूल साठवणारा 20 किलो माल घेतला, तर एका चक्रात 3600 किलोज्यूल, म्हणजे बरोबर एक युनिट उष्णता मुरते. एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने तेवढी उष्णता सुमारे सतरा मिनिटांत बाहेर काढतो. त्यामुळे दोन चौरस मीटरचा नमुना लावून ‘फरक जाणवत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

घरच्या घरी पिशव्यांत क्षार भरण्याचा नाद तर सोडाच. शास्त्रज्ञ मारिया तेलकेस यांनी 1948 मध्ये अमेरिकेतील डोव्हर येथील घरात उष्णता साठवायला ग्लॉबर क्षार (सोडियम सल्फेटचे हायड्रेट) वापरला होता आणि काही हिवाळ्यांतच त्याचे थर वेगळे होऊन व्यवस्था निकामी झाली. पीसीएममध्ये वापरल्या जाणाऱ्या कॅल्शियम क्लोराइड या क्षाराची गळती लोखंड खाते. पॅराफिन, म्हणजे मेणाचे पीसीएम, गंजवत नाही, पण ते जळते, म्हणून त्यावर जिप्सम बोर्ड हवाच आणि ते स्वयंपाकघरात नकोच. पॅनेलपुढे कपाट उभे करू नये. सुताराला ड्रिल मारण्यापूर्वी नकाशा दाखवावा. भिंतीवर बाहेरून ऊन येत असेल, तर आधी छज्जा बांधून घ्यावा.

जुलैत ‘पॅनेल बंद पडले’ असे फोन येतात. पावसाळ्यात दिवसाचे तापमान रात्रीच्या इतके जवळ, खालीच राहते, की 30-31 अंशांना वितळणारा माल सकाळ-संध्याकाळ घट्टच राहतो. तो बिघडलेला नसतो आणि त्यासाठी मिस्त्री बोलावू नये.