ब्रिटनमध्ये माणूस कामावर घेण्यापूर्वी त्याचा कामाचा हक्क कसा तपासावा

ब्रिटनमध्ये किराणा दुकान, उपाहारगृह, वृद्धसेवा केंद्र किंवा पाच-सहा माणसांचे कार्यालय चालवणारा मराठी मालक नवा माणूस घेताना पगार किती, शिफ्ट कोणती, कर कसा कापायचा याचा विचार नीट करतो. पण या सगळ्याच्या आधी जी एक तपासणी पूर्ण व्हावी लागते, ती मात्र ‘कागदपत्रे घेऊन ये सावकाश’ एवढ्यावर राहून जाते. त्यातून माणूस ओळखीचा निघाला, कोणाचा तरी भाचा किंवा आपल्याच तालुक्याचा असला, तर विचारायचाही संकोच वाटतो. ‘राइट टू वर्क चेक’ म्हणतात ती हीच तपासणी: समोरच्या व्यक्तीला या देशात, हे काम, इतके तास करण्याची कायद्याने मुभा आहे, याची मालकाने काम सुरू होण्यापूर्वी करून घेतलेली आणि नोंदवून ठेवलेली खात्री.

या तपासणीचा पाया म्हणजे २००६ चा इमिग्रेशन, असायलम अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट. त्यातील या संबंधीच्या तरतुदी २९ फेब्रुवारी २००८ पासून लागू आहेत. त्यांची रचना समजून घेतली की पुढच्या पायऱ्यांचा काटेकोरपणा जाचक वाटत नाही. कामाचा हक्क नसलेली व्यक्ती तुमच्याकडे काम करताना आढळली तर दंड होतो. मात्र ठरवून दिलेल्या पद्धतीने तपासणी केल्याचे तुम्ही दाखवू शकलात, तर तुम्हाला कायद्याने बचाव मिळतो आणि दंड टळतो. म्हणजे कागदपत्र बनावट निघाले, पण ती बनावट सामान्य माणसाच्या नजरेला कळण्यासारखी नव्हती, तर तुम्ही सुरक्षित असता. याउलट तपासणीच केली नसेल, तर ‘मला माहीत नव्हते’ या उत्तराला काही किंमत नाही. १३ फेब्रुवारी २०२४ पासून हा दंड पहिल्या वेळी प्रत्येक कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत आणि पुन्हा आढळल्यास ६०,००० पौंडांपर्यंत आहे. त्यापूर्वी हे आकडे १५,००० आणि २०,००० होते. हक्क नाही हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, माणूस ठेवला तर प्रकरण फौजदारी होते, कमाल शिक्षा पाच वर्षे कैदेची आहे आणि अशा वेळी फाइलमधली कोणतीही प्रत उपयोगी पडत नाही.

कोणाची आणि केव्हा

कामावर घ्यायच्या प्रत्येकाची, आणि त्याने पहिला तास काम करण्यापूर्वी. दिवाळीच्या गर्दीपुरता आठवडाभर घेतलेला मदतनीस आणि घरी मुले सांभाळायला ठेवलेली बाई यांनाही हाच नियम आहे, कारण करार तोंडी असला आणि तास थोडे असले तरी नोकरी ती नोकरीच. ‘एक दिवस काम करून दाखव, मग बघू’ अशी चाचणीची शिफ्ट द्यायची असेल, तर तपासणी त्या शिफ्टच्या आधी उरकावी.

‘प्रत्येकाची’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नाव, वर्ण किंवा उच्चार पाहून काहींचीच कागदपत्रे मागणे हा २०१० च्या इक्वालिटी अ‍ॅक्टखाली भेदभाव ठरू शकतो. आपण स्वतः बाहेरून आलो आहोत म्हणून आपल्याला हे लागू नाही, असा एक समज मालकांमध्ये दिसतो. गोऱ्या उमेदवाराला न विचारता सोडणारा मराठी मालक तितकाच अडचणीत येतो. जाहिरातीत किंवा मुलाखतीत ‘फक्त ब्रिटिश पासपोर्टवाले’ असे तर कधीच म्हणू नये.

मार्ग कोणता, हे आधी ठरवा

तपासणीचे तीन मार्ग आहेत आणि ते सर्वांना सारखे खुले नाहीत. ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकाचे मूळ कागदपत्र हातात घेऊन तपासता येते, किंवा त्याचा पासपोर्ट मुदतीत असेल तर प्रमाणित डिजिटल ओळख-सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत तपासणी करून घेता येते. व्हिसावर असलेल्या किंवा कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळालेल्या बहुतेकांसाठी होम ऑफिसची, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याची, ऑनलाइन तपासणी हाच मार्ग आहे. युरोपीय संघाच्या नागरिकांचा नुसता पासपोर्ट १ जुलै २०२१ पासून पुरावा म्हणून चालत नाही. आयरिश नागरिक तेवढे याला अपवाद आहेत.

डिजिटल ओळख-सेवेविषयी फार सांगण्यासारखे नाही. ती सशुल्क आहे, भरती मोठी असेल तर सोयीची आहे, आणि लहान दुकानाला तिची गरज सहसा पडत नाही. ती वापरली तरी कंपनीने पाठवलेला फोटो आणि कामावर हजर झालेला माणूस एकच आहे, हे पाहण्याची जबाबदारी मालकाचीच राहते.

ऑनलाइन तपासणी

उमेदवाराने गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर आपल्या खात्यात जाऊन ‘शेअर कोड’ काढायचा असतो. हा नऊ अक्षरे-अंकांचा कोड ९० दिवस चालतो, आणि नोकरीसाठीचा कोड डब्ल्यू या अक्षराने सुरू होतो. घर भाड्याने घेण्यासाठीचा कोड आर या अक्षराने सुरू होतो आणि तो इथे चालत नाही. नवखे विद्यार्थी हमखास तोच पाठवतात. कोड आणि जन्मतारीख घेऊन पुढचे काम मालकाने स्वतः, त्याच संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या विभागात जाऊन करायचे आहे. ही सेवा विनामूल्य आहे.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. उमेदवार स्वतःच्या मोबाइलवर आपला ई-व्हिसा, म्हणजे व्हिसाची सरकारी ऑनलाइन नोंद, उघडून दाखवतो, त्यावर फोटो असतो, मुदत असते, मालकाचे समाधान होते. कायद्याच्या दृष्टीने ही तपासणी झालेलीच नसते. उमेदवाराने पाठवलेली पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट यांचीही तीच गत. तुमच्या संगणकावर, तुम्ही कोड टाकून उघडलेले पानच ग्राह्य आहे.

त्या पानावर तीन गोष्टी पाहाव्यात: फोटो समोरच्या व्यक्तीचाच आहे का, मुदत केव्हा संपते, आणि कामावर कोणते निर्बंध आहेत. माणूस समोर बसलेला असो वा थेट व्हिडिओ कॉलवर असो, फोटो आणि चेहरा यांची तुलना झालीच पाहिजे. मग फोटोसह ते पान पीडीएफ म्हणून जतन करावे किंवा छापून ठेवावे.

बीआरपी नावाच्या, वास्तव्याचा परवाना म्हणून मिळणाऱ्या गुलाबी प्लास्टिक कार्डाची सवय अजून अनेकांची सुटलेली नाही. ते कार्ड पाहून केलेली तपासणी ६ एप्रिल २०२२ पासूनच ग्राह्य नाही, आणि २०२४ च्या अखेरीस ती कार्डे संपून त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली. माझ्या ओळखीच्या एका उपाहारगृहाच्या मालकांनी मोठ्या अभिमानाने फाइल पुढे ठेवली होती: प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स, प्लास्टिकच्या पाकिटात, नावांच्या क्रमाने. त्यातल्या निम्म्या प्रती २०२३ मधल्या होत्या, म्हणजे नियम बदलल्यानंतरच्या, आणि म्हणून बिनकामाच्या. अशा वेळी आज नव्याने तपासणी करावी आणि आजचीच तारीख घालावी. बचाव आजपासून पुढे मिळेल, मागचा काळ उघडाच राहील; तो झाकण्यासाठी जुनी तारीख घालण्याचा मोह मात्र टाळावा.

मूळ कागदपत्राची तपासणी

ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांसाठी पासपोर्ट पुरेसा आहे, आणि तो मुदत संपलेला असला तरी या मार्गाने चालतो. पासपोर्टच नसेल, तर ब्रिटनमध्ये दिलेला जन्मदाखला किंवा ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याचे प्रमाणपत्र चालते, पण त्याच्या जोडीला नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (सामाजिक विम्याचा वैयक्तिक क्रमांक) आणि नाव असलेले सरकारी खात्याचे किंवा आधीच्या मालकाचे कागदपत्र हवे. केवळ नॅशनल इन्शुरन्स क्रमांक किंवा ड्रायव्हिंग लायसन्स पाहून कामावर घेणे ही जुनी चूक आहे. त्या दोहोंतून कामाचा हक्क सिद्ध होत नाही.

आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते. तीस वर्षांपूर्वी आलेल्या व्यक्तीच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर कायमस्वरूपी वास्तव्याचा शिक्का असतो, आणि तो पासपोर्ट केव्हाच बाद झालेला असतो. त्या व्यक्तीचा हक्क कायम असतो, पण पुरावा म्हणून तो शिक्का चालू पासपोर्टवर असावा लागतो. अशा व्यक्तीने ई-व्हिसा करून घ्यावा आणि ऑनलाइन मार्गाने यावे.

मूळ कागदपत्र तुमच्या हातात असले पाहिजे. फोटो, जन्मतारीख आणि दिसणारे वय यांचा मेळ बसतो का, पाने किंवा फोटो बदलल्याच्या खुणा आहेत का, हे पाहावे. नावातला फरक हा मराठी माणसाच्या बाबतीत वेगळा विषय आहे. एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते, दुसऱ्यावर नवऱ्याचे, तिसऱ्यावर मधले नावच गळलेले असते, आणि लग्नानंतर आडनावासोबत नावही बदललेल्या स्त्रिया आहेतच. दोन कागदपत्रांवरची नावे जुळत नसतील, तर विवाह प्रमाणपत्र, घटस्फोटाचा आदेश किंवा नाव बदलल्याचा कायदेशीर दस्त मागावा आणि त्याचीही प्रत ठेवावी. ‘आमच्याकडे असेच असते’ हे खरे असले तरी ते फाइलमध्ये लावता येत नाही.

विद्यार्थी

पदवी किंवा त्यावरचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थी-व्हिसाधारकाला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास, त्याखालच्या अभ्यासक्रमांना १० तास काम करता येते. नेमकी मर्यादा ऑनलाइन पानावर दिसते. आठवडा सोमवारपासून मोजायचा, आणि तास सर्व नोकऱ्यांचे मिळून धरायचे. तुमच्याकडे १२ आणि शेजारच्या दुकानात १२ म्हणजे मर्यादा ओलांडली. म्हणून दुसरी नोकरी आहे का, हे लेखी विचारावे.

सत्राच्या आणि सुट्यांच्या तारखांचा विद्यापीठाचा पुरावा घेऊन त्याची प्रत ठेवणे आवश्यक आहे. एक वर्षाच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांची उन्हाळी सुटी इथे फसवी असते: पदवीचे विद्यार्थी मोकळे असतात, पण मास्टर्सवाल्यांचा प्रबंध त्याच महिन्यांत चालू असतो आणि तो काळ सत्रातच धरला जातो. ‘सुटी आहे, पूर्ण वेळ येतो’ असे विद्यार्थी प्रामाणिकपणे म्हणतो, त्यालाही ठाऊक नसते. तारखांचा कागद पाहिल्याशिवाय शिफ्टचे वेळापत्रक लावू नये.

प्रत आणि तारीख

पासपोर्टचे फोटो, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, मुदत, सही आणि परवाना दर्शवणारे प्रत्येक पान, आणि इतर कागदपत्रे दोन्ही बाजूंनी संपूर्ण, अशी प्रत काढावी. तिच्यावर नुसती तारीख लिहिणे पुरेसे नाही, कारण ती तारीख कशाची हे त्यातून कळत नाही. ‘कामाच्या हक्काची ही तपासणी अमुक तारखेला केली’ असे इंग्रजीत पूर्ण वाक्य लिहावे आणि तपासणाऱ्याने सही करावी. ऑनलाइन पानाच्या बाबतीतही तपासणीची तारीख नोंदीत आली आहे ना, हे पाहावे. हे काम कर्मचाऱ्यावर सोपवता येते. जबाबदारी मात्र सोपवता येत नाही, मग हिशेबनीस कितीही जुना असो.

अर्ज प्रलंबित असेल तर

व्हिसाच्या मुदतीत नवा अर्ज केला आहे, निर्णय आलेला नाही, आणि ऑनलाइन पानावर हक्क दिसत नाही, अशा उमेदवारासाठी होम ऑफिसच्या ‘एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस’कडे विचारणा करावी. उत्तर साधारण पाच कामाच्या दिवसांत येते. होकारार्थी आले, तर त्या सूचनेच्या आधारे सहा महिने बचाव मिळतो. ते हाती येईपर्यंत नव्या माणसाला कामावर उभे करू नये. उमेदवाराच्या वकिलाचे पत्र या सूचनेची जागा घेऊ शकत नाही.

मुदत आणि पुढची तपासणी

ब्रिटिश नागरिक किंवा कायमचे वास्तव्य मिळालेली व्यक्ती असेल, तर एकदाच तपासले की नोकरी संपेपर्यंत पुन्हा तपासावे लागत नाही. मुदतीचा व्हिसा असलेल्यांची तपासणी मात्र मुदत संपण्यापूर्वी पुन्हा करावी लागते, म्हणून ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये, दोन महिने आधीच्या एका स्मरणासह, टाकून ठेवावी. कर्मचाऱ्याने मुदत संपण्याआधी नवा अर्ज केल्याची तुमची वाजवी खात्री असेल, तर मुदतीनंतरही कमाल २८ दिवस बचाव टिकतो. त्या अवधीत वरच्याच सेवेकडून होकार मिळवायचा असतो. हक्क उरलेला नाही असे स्पष्ट झाले तर मात्र त्याला कामावर ठेवता येत नाही.

माणूस नोकरी सोडून गेल्यावरही त्याची नोंद दोन वर्षे जपावी लागते. ती कुलूपबंद कपाटात किंवा पासवर्ड असलेल्या फोल्डरमध्ये असावी, व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटमध्ये नव्हे, आणि दोन वर्षे पूर्ण झाली की ती नष्ट करावी.